सांगलीच्या उपनगरात घर घेण्याआधी तो भाग कसा ओळखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुटुंब विट्याचं. नवऱ्याची नोकरी कुपवाड एमआयडीसीत, बायको मिरजेच्या शाळेत शिक्षिका, सोबत वयस्कर आई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. सांगलीच्या बाहेरच्या भागात फ्लॅट किंवा एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट घ्यायचा आहे, पण विश्रामबाग, वारणाली, कुपवाड, शामरावनगर, माधवनगर ही फक्त नावं माहीत आहेत. कुठला भाग कसा आहे, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखावं?

ब्रोकरच्या गाडीत बसून एका दुपारी पाच प्लॉट बघितले, तर त्यातून काही कळत नाही. सांगलीचं कुठलंही उपनगर ओळखायचं असेल तर दोनच गोष्टी खोलात जाऊन बघा: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ही एक, शेताचे प्लॉट कसे पडले, ही दुसरी. रस्ता, शाळा, दुकानं, बाग हे सगळं पुढच्या दहा वर्षांत बदलेल. जमिनीची पातळी आणि सातबाऱ्याचा इतिहास बदलणार नाही.

आधी शहराची ठेवण समजून घ्या. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली एक महापालिका झाली, पण जमिनीवर ही तीन वेगळी गावंच आहेत आणि मधली जागा हळूहळू भरत गेली. जुनी सांगली कृष्णेच्या पूर्व काठाला चिकटून आहे: गणपती पेठ, हरभट रस्ता, खणभाग, गावभाग. नदीपलीकडे आयर्विन पूल ओलांडला की सांगलीवाडी. मिरज पूर्वेला आठ-दहा किलोमीटरवर. या दोन गावांना जोडणाऱ्या सांगली-मिरज रस्त्याच्या मधोमध विश्रामबाग आणि त्याला लागून विजयनगर, वानलेसवाडी. विश्रामबागेच्या उत्तरेकडे वारणाली आणि कुपवाड, तिथून पुढे एमआयडीसी. सांगलीच्या दक्षिणेला कोल्हापूर रस्ता, शंभर फुटी रस्ता, शामरावनगर आणि नदीच्या कडेने हरिपूर, अंकली. तुम्ही विट्याहून तासगावमार्गे येता तेव्हा कवलापूर, बुधगाव, माधवनगर ओलांडूनच सांगलीत शिरता. ती चौथी बाजू.

आता जुन्या संस्था कुठे आहेत ते बघा. विलिंग्डन कॉलेज (1919) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (1947) विश्रामबागेत आहेत. वानलेसवाडीत क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. राजवाड्यातलं जिल्हाधिकारी कार्यालय अलीकडच्या काळात विजयनगरला आलं. हा सगळा पट्टा उंचावर, कोरड्या जागी आहे. नवखा माणूस नकाशा घेऊन बसला तरी एवढ्या एका निरीक्षणावरून त्याला शहराचा उतार कळतो: मिरज रस्ता आणि कुपवाड ही पाठ, आणि तिथून जमीन पश्चिमेला व दक्षिणेला नदीकडे उतरत जाते.

पुराचं बोलताना सांगलीत सगळे एकाच भाषेत बोलतात: आयर्विनला किती फूट? 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे शहराचं मोजमाप आहे. 40 फुटांना इशारा पातळी, 45 फुटांना धोका पातळी. 2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 मध्ये 57 फुटांच्या वर आणि 2021 मध्ये पुन्हा 54 फुटांच्या वर. हे आकडे म्हणजे तुमच्या दारातल्या पाण्याची खोली नव्हे, हे नव्या माणसाला कळत नाही. त्यामुळे तो एक तर विनाकारण घाबरतो, नाही तर विनाकारण निर्धास्त राहतो. प्रत्येक गल्लीचा स्वतःचा आकडा असतो. कर्नाळ रस्त्याकडचं दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या भागांत पाणी सगळ्यात आधी शिरतं, धोका पातळीची वाटही बघत नाही. मुख्य बाजारपेठेत ते बऱ्याच उशिरा येतं. विश्रामबाग, वारणाली, कुपवाड इथे नदीचं पाणी येत नाही. 2019 मध्ये पूरग्रस्त माणसं याच बाजूला हलली होती.

म्हणून प्लॉट बघायला जाल तेव्हा "इथे पूर येतो का?" असं विचारू नका. या प्रश्नाला विकणारा "नाही" म्हणतो आणि शेजारीही ओळख नसताना खरं बोलायला कचरतो. विचारायचं ते असं: "आयर्विनला किती फूट झाले की या कोपऱ्यावर पाणी येतं?" किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला, दूध घालणारा गवळी यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं. "त्रेचाळीसला त्या नाल्यावर, अठ्ठेचाळीसला ट्रान्सफॉर्मरपाशी, एकोणीसला आमच्या दुसऱ्या पायरीपर्यंत." त्यातलं शेवटचं एकोणीस हे साल असतं, फूट नव्हे, पुन्हा विचारून खात्री करून घ्या. तीन वेगवेगळ्या माणसांची उत्तरं जुळली की तो आकडा पक्का धरा आणि वहीत लिहा. जवळच्या घरांच्या कंपाउंडवर, विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर 2019 ची पाण्याची रेघ अजून सापडते. कुणी नव्याने रंग दिला असेल तर मागची बाजू बघा. मोबाइलमधली उंची दाखवणारी अॅप या कामासाठी वापरू नका. त्यांची चूक काही मीटरची असू शकते आणि इथे प्रश्न दोन-तीन फुटांचा असतो.

पाणी येतं कसं, हेही समजून घ्यायला हवं. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळाजवळ वारणा कृष्णेला मिळते. वारणेला लोंढा असला की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. ते काठ ओलांडून समोरून येण्याआधी नाल्यांतून आणि गटारांतून उलटं आत शिरतं. त्यामुळे नदीपासून दीड-दोन किलोमीटर आत असलेली वसाहतही बुडू शकते, आणि नदीच्या जवळचा पण उंचवट्यावरचा प्लॉट कोरडा राहू शकतो. अंतर मोजत बसू नका, नाला शोधा. जुना गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात. प्रत्यक्षात तो नाला कुठे पाइपात घातलाय, कुठे त्यावर भराव टाकून प्लॉट पाडलेत, हे नकाशा हातात धरून चालत गेलात तर दिसतं. बुजवलेल्या नाल्यावरचा प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी आपली जुनी वाट सोडत नाही.

कागदावर पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, आणि जोत्याची (घराच्या तळाच्या चौथऱ्याची) पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर ठेवावी लागते. महापालिकेच्या नगररचना विभागातून गट नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्या. या दोन कागदांवर पूररेषेबरोबरच प्लॉटवर आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता त्यातून जातो का, हेही कळतं. फार थोडे लोक हे कागद घेतात, आणि नंतरचे बरेचसे तंटे याच दोन कागदांनी टळले असते.

पूर आणि साचणारं पावसाचं पाणी या दोन वेगळ्या अडचणी आहेत. शामरावनगर आणि त्याच्या आसपासचा सखल काळ्या मातीचा भाग हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे नदी शांत असतानाही जोराच्या पावसात पाणी साचतं, रिकाम्या प्लॉटची तळी होतात आणि आठवडे तशीच राहतात. माती पाणी मुरू देत नाही आणि उतार नसल्याने ते वाहूनही जात नाही. अशा वसाहतीत फिरताना घरांची जोती बघा. सगळ्यांनी चार-चार फुटांचं जोतं करून पाच-सहा पायऱ्या घेतल्या असतील, तर ती हौस नसते. जुनी घरं रस्त्याच्या खाली गेलेली दिसतात, कारण दर वेळी जुना डांबराचा थर न खरवडता त्यावरच नवा टाकला जातो आणि रस्ता वर चढत जातो. आज रस्त्याला समतल असलेलं घर पंधरा वर्षांनी खड्ड्यात असू शकतं. फ्लॅट घेत असाल तर पार्किंगचा तळ रस्त्यापेक्षा वर आहे का आणि विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचीवर बसवलेत, एवढं जरूर बघा. सखल भागातल्या इमारतीत ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारी झडप आहे का, तेही विचारा. ती नसेल तर तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येतं.

आता माती. नदीकडच्या पट्ट्यात काळी माती, कुपवाडकडे चढत जाल तसा मुरूम आणि खाली खडक. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यावर उथळ पाया घालून उभं केलेलं घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, बाहेर कललेली कंपाउंडची भिंत, ऋतू बदलला की चौकटीत अडकणारं दार ही त्याची खूण. काळ्या मातीचा प्लॉट उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यात बघा. जमिनीला पडलेल्या भेगांत हाताचा पंजा जात असेल तर माती किती खोल आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोपऱ्यात एक खड्डा जेसीबीने दहा फुटांपर्यंत घेतला तर खर्च फार नाही, पण त्यावरून बांधकामाचं अंदाजपत्रक बदलतं. मुरूम लागला तर साधे फुटिंग चालतात. लागला नाही तर तळाशी फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात, तेही किमान साडेतीन मीटर खोल. वरची बीम मातीला न टेकवता खाली थोडी फट ठेवावी लागते, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलली जात नाही. हा खर्च लक्षात न घेता "तिकडे प्लॉट स्वस्त आहे" म्हणणं म्हणजे अर्धाच हिशेब.

कृष्णाकाठी आणखी एक त्रास आहे, क्षारपड जमिनीचा. वर्षानुवर्षं उसाला पाणी दिलेल्या शेतात क्षार वर येतात. अशा शेताचे प्लॉट पडले की घराच्या भिंतींना जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत लोणा लागतो, गिलावा फुगून गळतो, सळईला गंज चढतो. शेजारच्या पाच-सात वर्षांच्या घरांच्या बाहेरच्या भिंती बघा. खालच्या भागात पांढरी बुरशीसारखी भुकटी असेल आणि बोटाने खरवडली की रंग पापुद्र्यासारखा निघत असेल, तर लोणा आहे. यावर वरून रंग मारून उपाय होत नाही. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर बांधतानाच घालावा लागतो. तयार घर घेणाऱ्याने हे दुसऱ्या कशाहीआधी बघावं.

कुपवाडची अडचण उलटी. जमीन चांगली, पाया स्वस्तात होतो, पण पाणी कमी. वरच्या भागात बोअर खोल जातात, पाणी जड असतं, आणि महापालिकेचं पाणी सगळीकडे सारख्या दाबाने पोचत नाही. "नळ आहे का?" असं न विचारता "किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ येतं आणि मोटर न लावता वरच्या टाकीत चढतं का?" असं विचारा. मोजणी सोपी आहे: माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. तुमच्या पाच माणसांना 675 लिटर लागतील. एक दिवसाआड पाणी येणार असेल तर खालची आणि वरची टाकी मिळून किमान दीड ते दोन हजार लिटर साठा हवा. फ्लॅटच्या इमारतीत सगळ्या कुटुंबांचा असा हिशेब करून सामाईक टाकीशी ताडून बघा. बऱ्याच ठिकाणी टाकी निम्मी निघते आणि उन्हाळ्यात टँकरची वर्गणी सुरू होते. ड्रेनेज लाइनचंही तसंच: रस्त्यात लाइन टाकलेली असणं आणि घर तिला जोडलेलं असणं यात फरक आहे. शोषखड्ड्यावर चालणारं घर मुरमात ठीक चालतं, काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा भरून वाहतो.

आता दुसरी गोष्ट, प्लॉट कसे पडले. सांगलीच्या उपनगरांत गुंठेवारी फार आहे. एखाद्या शेतकऱ्याने किंवा मधल्या माणसाने शेताचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकले, बिगरशेती परवानगी घेतली नाही, ले-आउट मंजूर केला नाही, रस्ता सुचेल तेवढा सोडला. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने आधीच्या अशा प्लॉटना नियमित करून घ्यायची सोय दिली आणि 2021 च्या दुरुस्तीने ती सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना लागू झाली. त्यामुळे गुंठेवारीतलं प्रत्येक घर बेकायदा असतं, असं नाही. हजारो कष्टकरी कुटुंबांनी पोटाला चिमटा काढून तिथे घरं बांधली आहेत आणि नियमितीकरणाचा दाखला घेतलाय. तो दाखला, सोबतचा नकाशा आणि शुल्क भरल्याच्या पावत्या असतील तर व्यवहार होऊ शकतो. त्या नसतील आणि "होऊन जाईल, फाइल टाकलीय" असं उत्तर मिळालं, तर फाइलचा आवक क्रमांक मागा आणि स्वतः जाऊन चौकशी करा.

गुंठेवारी डोळ्यांनीही ओळखता येते. गल्ल्या दहा-बारा फुटांच्या, मध्येच वळलेल्या, काही पुढे बंद झालेल्या. कुठे मोकळी जागा नाही, बाग नाही. मंजूर ले-आउटमध्ये रस्ते रुंद आणि सरळ असतात, ओपन स्पेस सोडलेली असते, प्लॉटच्या कोपऱ्यात दगड रोवलेले असतात. अरुंद गल्लीचा त्रास रोज जाणवत नाही. अग्निशमनची गाडी, रुग्णवाहिका, बांधकामाचा वाळूचा ट्रक किंवा पाण्याचा टँकर आत यायची वेळ येते तेव्हा कळतं. क्षेत्राचाही घोळ असतो. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. गुंठेवारीत पुष्कळदा समोरच्या रस्त्याची निम्मी रुंदी धरून गुंठा मोजलेला असतो, त्यामुळे कंपाउंड घालायला प्रत्यक्षात बरंच कमी उरतं. टेप स्वतः लावा. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळले नाहीत तर प्लॉट काटकोनात नाही, आणि कागदावरचं क्षेत्र त्यात बसणार नाही.

कागदांचा क्रम असा ठेवा. आधी चालू तारखेचा सातबारा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका. त्यावर भोगवटादार वर्ग 1 लिहिलंय की वर्ग 2, हे सगळ्यात आधी वाचा. वर्ग 2 म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. सांगली-मिरज ही संस्थानांची गावं, इनाम आणि देवस्थानच्या जमिनी भोवताली पुष्कळ आहेत. देवस्थान इनामाच्या जमिनीच्या वाटेला जाऊ नका, कितीही समजावलं तरी. इतर हक्कांचा रकाना वाचा: बँकेचा बोजा, कूळ, वारसांचे दावे तिथे दिसतात. मग सातबाऱ्यावर नोंदलेले फेरफार एकेक काढून वाचा, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशी गेली ते कळतं. वाटणीत बहिणींची नावं गळलेली असतील तर थांबा. त्यांची संमती दस्तात हवी. एन. ए. प्लॉट असेल तर बिगरशेतीचा आदेश, अंतिम मंजूर रेखांकन, कमी-जास्त पत्रक (प्लॉट पडल्यावर क्षेत्रात झालेल्या बदलाची नोंद) आणि त्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा, एवढं हवं. हद्दीची शंका असेल तर सरकारी मोजणी मागवून 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) घ्या. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) तुम्हाला स्वतःलाही शोधता येते. त्याच प्लॉटचा आणखी एखादा दस्त झालेला असेल तर तिथे दिसतो.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नाही. ती कर भरल्याची पावती असते, आणि पावतीवरच्या नावाने मालकी सिद्ध होत नाही. नोटरीच्या स्टॅम्पवर केलेली खरेदी ही खरेदीच नव्हे. गुंठेवारीच्या भागात ही दोन कागदपत्रं दाखवून घर विकणारे भेटतात, आणि वरवर सगळं सुरळीत दिसतं. बँकेकडे कर्जाची चौकशी लवकर करा, कर्ज नको असलं तरी. राष्ट्रीयीकृत बँकेचा वकील एखाद्या प्लॉटला नाही म्हणत असेल, तर त्यामागचं कारण समजून घेणं तुमच्याच फायद्याचं आहे.

फ्लॅट घेत असाल तर मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, दोन्ही बघा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागत नाही, आणि उपनगरातल्या बऱ्याच इमारती याच आकाराच्या असतात. तिथे नोंदणी नाही म्हणजे काही लबाडी आहे असं नव्हे, पण तपासायची जबाबदारी तुमच्यावर येते. मंजूर नकाशा हातात घेऊन मजले मोजा, पार्किंगमध्ये दुकान काढलंय का ते बघा.

तुमच्या कुटुंबाचा विचार केला तर रोजची ये-जा दोन दिशांना आहे. वारणाली, विजयनगर, वानलेसवाडी किंवा कुपवाड रस्त्याचा विश्रामबागेकडचा भाग दोघांनाही सोयीचा पडेल. मिरजेला मुख्य रस्त्यावरून एसटीची शहर बस आणि शेअर रिक्षा मिळतात, कुपवाडला दुचाकीवर पोचता येतं. माधवनगर-बुधगाव विट्याला जायला सोयीचं, जागाही तुलनेने स्वस्त, पण मिरज लांब पडते आणि शिक्षिकेला रोज सांगली ओलांडून जावं लागेल. बघायला जाताना सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी एमआयडीसीची पाळी सुटते तेव्हा जा. जवळून रेल्वे लाइन जात असेल तर फाटक कुठे आहे, ते किती वेळ बंद असतं आणि पर्यायी रस्ता कोणता, हे स्वतः थांबून बघा. विश्रामबागेला रेल्वे स्थानक आहे, पण लांबच्या गाड्यांसाठी मिरज जंक्शनच धरा. कारखान्यांच्या अगदी लगतच्या वसाहतीत रात्री नऊनंतर एक चक्कर मारा; आवाज आणि वास तेव्हा कळतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे एमआयडीसीच्या पूर्वेच्या बाजूला धूर-वास जास्त येतो. मार्केट यार्डाजवळ घर बघत असाल तर हळदीच्या हंगामात, फेब्रुवारी ते मे, ट्रकची वर्दळ किती असते ते बघून ठरवा.

आई सोबत आहेत म्हणून दवाखान्याचं गणित वेगळं मांडा. मिरज ही आधीपासून दवाखान्यांची पेठ: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तिथे आहे आणि खाजगी रुग्णालयंही पुष्कळ. विश्रामबाग-वानलेसवाडीच्या पट्ट्यातून रात्री दहा-पंधरा मिनिटांत मिरज गाठता येते. नदीकडच्या भागात हेच अंतर पावसाळ्यात कापता येईलच असं नाही. पाणी घरात आलं नाही तरी रस्त्यावर आलं की वेढा पडतो. आईंना जिना चढता येत नसेल आणि तळमजल्याचा आग्रह असेल, तर सखल भाग यादीतून आत्ताच काढून टाका. तळमजला आणि सखल जागा एकत्र घेऊ नयेत.

घाई नसेल तर आधी भाड्याने राहा. मे महिन्यात या आणि ऑक्टोबरपर्यंत एक पूर्ण पावसाळा त्या भागात काढा. भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी करूनच घ्या. कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. या काळात मनात असलेल्या प्लॉटवर जोराच्या पावसानंतर लगेच एकदा आणि चोवीस तासांनी पुन्हा एकदा जाऊन या. पहिल्या वेळी पाणी दिसेलच. दुसऱ्या वेळी ते गेलेलं आहे का आणि कुठल्या बाजूने गेलं, हे बघायचं. घोट्याइतकं पाणी चोवीस तासांनीही उभं असेल तर तिथे भरावाचा खर्च धरा. दोन गुंठ्यांवर तीन फूट भराव म्हणजे साडेसहा हजार घनफूट मुरूम, म्हणजे 65 ब्रास. त्या दिवशीचा ब्रासचा भाव विचारून तो आकडा प्लॉटच्या किमतीत मिळवा आणि मग उंचावरच्या प्लॉटशी तुलना करा. पुष्कळदा फरक उरतच नाही.

इसार देताना रक्कम लहान ठेवा आणि ती चेकने किंवा बँकेतूनच द्या. इसारपावतीत गट नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा आणि टेपने मोजलेलं क्षेत्र लिहा. शोध अहवाल, झोन दाखला आणि मोजणी यांत दोष निघाला तर इसार किती दिवसांत परत मिळेल, ती तारीखही त्यातच घालून घ्या. विकणारा या अटीला तयार नसेल तर दुसरा प्लॉट बघा. वारणाली-कुपवाडकडे अजून रिकाम्या जागा आहेत.